निकालाचा रकाना

आमच्या आयसीयूच्या रजिस्टरात शेवटचा रकाना निकालाचा असतो. त्यात ठरलेले शब्द येतात: घरी सोडले, पुढे पाठवले, मृत, आणि डामा. डॉक्टरांचा सल्ला न मानता नातेवाईक रुग्णाला घरी घेऊन गेले, की आम्ही डामा लिहितो. या रकान्याच्या आधारे मी एक शोधनिबंध तयार केला, एका वैद्यकीय परिषदेत वाचला, टाळ्या घेतल्या. त्यातला मृत्युदर चुकीचा होता. आकडेमोडीत चूक नव्हती. डामाची सगळी माणसं मी हिशेबातून काढून टाकली होती.

तेव्हा मला ते खोटं वाटलं नाही, हे आधी सांगते. ‘अंतिम निकाल उपलब्ध नसलेले रुग्ण अभ्यासातून वगळले’ असं एक वाक्य मी पद्धतीच्या परिच्छेदात लिहिलं होतं. अशी वाक्यं शोधनिबंधांत सर्रास असतात आणि वाचणारे पुढे जातात. मीही आयुष्यभर पुढे जात आले होते.

मी मावळात फिजिशियन आहे. आमचं रुग्णालय छोटं आहे, आयसीयूच्या खाटा मोजक्या. नाणे मावळ, पवन मावळ, आंदर मावळ अशा तिन्ही खोऱ्यांतून माणसं येतात. भाताच्या लावणीत तापाचे रुग्ण येतात, पुढे सापाचे, फवारणीच्या औषधाचे. द्रुतगती मार्गावरचे अपघात बारा महिने येत असतात. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयात न्यायचं तर एरवी फार वेळ लागत नाही, पण पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी लोणावळ्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता असा भरतो की व्हेंटिलेटरवरचा रुग्ण अँब्युलन्समध्ये चढवताना हात थरथरतो. अशा ठिकाणी आम्ही चांगलं काम करतो, हे मला जगाला दाखवायचं होतं. या इच्छेत वाईट काही नव्हतं. चूक मात्र तिथूनच सुरू झाली, कारण निबंध लिहायला बसण्याआधीच त्याचा शेवट मी ठरवलेला होता.

तुलनेला माझ्याकडे इंडिकॅप्स नावाचा अभ्यास होता. २०१०-११ मध्ये देशभरातल्या शंभरावर अतिदक्षता विभागांनी मिळून तो केला आणि २०१६ मध्ये तो छापून आला. चार हजारांवर रुग्णांची त्यात नोंद होती आणि मृत्यूचं प्रमाण होतं १८.१ टक्के. माझा आकडा त्याच्या बराच खाली आला. तुलनेची स्लाइड मी मोठ्या अक्षरांत केली. शेवटच्या स्लाइडवर बऱ्या झालेल्या एका रुग्णाचा, त्याची परवानगी घेऊन काढलेला फोटो लावला.

भाषण संपल्यावर एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी हात वर केला. “मॅडम, ज्यांना घरी नेलं, त्यांचं पुढं काय झालं?”

“सर, ती माहिती उपलब्ध नाही.”

“केसपेपरवर फोन नंबर असतील ना?” एवढं बोलून ते खाली बसले.

परतताना गाडीत मला त्यांचा राग आला होता. मोठ्या रुग्णालयात बसून असे प्रश्न विचारणं सोपं असतं, असं मी सोबतच्या डॉक्टरांना तळेगाव येईपर्यंत ऐकवत होते. पण नंबर खरंच होते, प्रत्येक केसपेपरच्या उजव्या कोपऱ्यात.

फोन करायला लागण्याआधी मला एक माणूस आठवला, आमचा अँब्युलन्सचा ड्रायव्हर. डामाचे रुग्ण बहुतेक वेळा तोच सोडून यायचा. मी यादी घेऊन त्याच्यासमोर बसले. त्याने नावं वाचलीही नाहीत, गावं विचारली आणि एकेक सांगत गेला. हे कामशेतच्या पुढं गेलेच नाहीत. या बाईंना घरात नेऊन झोपवलं, मी चहा पीत होतो तोवर गेल्या. या आजोबांना दारातच. यांच्या घरी सिलिंडर पोचवून मी परत आलो, सकाळी त्यांच्या मुलानं रिकामा सिलिंडर न्यायला बोलावलं. ज्या माहितीला मी परिषदेत ‘उपलब्ध नाही’ म्हटलं होतं, ती आमच्याच फाटकाशी रोज उभी असायची. तिला कोणी विचारलं नव्हतं.

उरलेल्यांना फोन केले. अपेक्षेप्रमाणे बहुतेक जण पहिल्या एक-दोन दिवसांत वारले होते. ते सगळे माझ्या टक्केवारीत मृतांच्या बाजूला हवे होते. घरी नेलेले रुग्ण हे साधे ‘माहिती नसलेले’ रुग्ण नसतात. सर्वांत गंभीर अवस्थेतलीच माणसं घरी नेली जातात, आणि नेण्याचा सल्लाही पुष्कळदा आमच्याच चेहऱ्यावरून लोक वाचतात. अशांना वगळून काढलेला मृत्युदर कोणत्याही आयसीयूचा कमीच येणार. जिथे लोकांचे पैसे लवकर संपतात, तिथे तो आणखी कमी येणार. म्हणजे जितकी गरिबी जास्त, तितकं आमचं काम कागदावर सरस. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी ती मोठ्या अक्षरांची स्लाइड उघडून बराच वेळ बसले होते.

एका नंबरवर मात्र वेगळंच घडलं. आंदर मावळातल्या एक आजी. वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात काम करून फुप्फुसं थकलेली, त्यात न्यूमोनिया. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढून त्या गुंगीत गेल्या होत्या. नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवलं तर पुन्हा निघणार नाही, असं माझं मत होतं. मुलाला बाजूला घेऊन मी सांगितलं होतं की आता काही तासांचाच प्रश्न आहे. “मग घरीच जाऊ द्या तिला,” तो म्हणाला आणि सही केली. मुंबईची माणसंही बोलावून घेतली त्यांनी.

फोन एका बाईंनी उचलला. मी रुग्णालयाचं नाव सांगून विचारलं, आजींना घरी नेलं होतं, त्यांचं नंतर...

“मीच की ती,” पलीकडून आवाज आला. “कोन, डाक्टरीन बाय का?”

मी एका जिवंत बाईला तिच्या मुलासमोर संपवून टाकलं होतं. माझा अंदाज चुकणं शक्य आहे, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण चुकलेला अंदाज माझ्याकडे कधी परत आलाच नव्हता, कारण अंदाज सांगितल्यावर रुग्ण घरी जायचा आणि मी रकान्यात डामा लिहून पुढच्या खाटेकडे वळायचे. इतक्या वर्षांत मी किती नातेवाइकांना किती खात्रीने काय काय सांगितलं असेल, याचा विचार त्या दिवसापासून सुटलेला नाही.

डामा इतका का होतो, याची कारणं पैशापाशी संपत नाहीत. मावळातल्या पुष्कळ घरांत माणसाने आपल्या उंबऱ्याच्या आत जावं, ही मनापासूनची इच्छा असते. तिचा मला आदर आहे. दुसरं कारण आमचं आहे. उपचारांचा काही उपयोग उरलेला नाही, हे दिसत असतानाही ते उघडपणे थांबवायला डॉक्टर घाबरतात. केईएममधल्या अरुणा शानबाग यांच्या खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने याची वाट पहिल्यांदा आखून दिली, २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, २०२३ मध्ये त्यासाठीची किचकट प्रक्रिया सोपी केली. तरी छोट्या रुग्णालयात आजही नातेवाइकाकडून ‘आमच्या जबाबदारीवर नेत आहोत’ अशी सही घेणं सर्वांत सोपं पडतं. सल्ला आमचा आणि सही त्यांची. मीही अशा सह्या घेतल्या आहेत. त्या कागदांवर ‘सल्ल्याविरुद्ध’ हा शब्द छापलेला होता आणि तो खरा नव्हता.

आकडे दुरुस्त करायचे म्हणून मी मृतांचेही केसपेपर पुन्हा काढले. तिथे मला पवन मावळातला एक तरुण भेटला, ज्याला मी विसरले होते असं म्हणता येणार नाही, पण ज्याच्याबद्दल विचार करणं मी थांबवलं होतं.

भातावरच्या तुडतुड्यांसाठी आणलेलं औषध पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलं होतं. अंधारात त्याने पाणी समजून घोट घेतला. भावाने वेळ न घालवता आणलं. तोंडाला फेस, छातीत घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ऑर्गनोफॉस्फेटची विषबाधा मावळातल्या प्रत्येक डॉक्टरने पाहिलेली असते. शरीरात नसांचा निरोप पोचवणारं ॲसिटिलकोलीन काम झाल्यावर मोडून टाकणारं एक विकर असतं, हे विष त्यालाच निकामी करतं. निरोप थांबतच नाही, आणि माणूस स्वतःच्या स्रावांत बुडायला लागतो. ॲट्रोपिन देऊन छाती कोरडी केली, पॅम म्हणजे प्रॅलिडॉक्सिम सुरू केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो शुद्धीवर होता, चहा मागत होता. शनिवार होता आणि द्रुतगती मार्गावरून अपघाताचे रुग्ण येत असल्याचा निरोप आला. मी त्याला वॉर्डात हलवलं.

त्या संध्याकाळी वॉर्डातल्या सिस्टरने मला फोन केला. मान जड झालीय म्हणतो, पापण्या मिटल्यासारख्या दिसतात. मी म्हणाले, “दोन रात्री झोप नाही त्याला, थकला असेल. झोपू द्या.”

पहाटे तो निळा पडलेला सापडला. नळी घातली, व्हेंटिलेटर लावला, हृदय पुन्हा चालू झालं, मेंदू मात्र सावरला नाही. काही दिवसांनी तो गेला. भावाला मी सांगितलं, “विष फार खोलवर भिनलं होतं.” माझ्या निबंधाच्या तक्त्यात मृत्यूचं कारण म्हणून विषबाधा लिहिली आणि गुंतागुंत म्हणून ‘विषबाधेमुळे श्वसन बंद’.

जे घडलं ते १९८७ पासून छापील आहे. श्रीलंकेतल्या सेनानायके आणि करालिएद्दे या डॉक्टरांनी त्या साली दहा रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. विषबाधेचा पहिला जोर ओसरतो, माणूस सुधारतो, आणि विष पोटात गेल्यापासून एक ते चार दिवसांच्या दरम्यान मानेचे, खांद्यांचे, मांड्यांचे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडू लागतात. ॲट्रोपिन स्राव आटवतं, नाडी सांभाळतं, पण या स्नायूंवर त्याचा काही परिणाम नसतो. छाती कोरडी आणि बाहुल्या मोठ्या म्हणजे रुग्ण सुरक्षित, असं म्हणता येत नाही. पहिली खूण मानेत दिसते. उताणं झोपलेल्या रुग्णाला उशीवरून डोकं उचलून धरायला सांगायचं. उचलता येत नसेल, तर श्वास कधीही जाऊ शकतो. या तपासणीला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. सिस्टरने ती खूण स्वतःहून, नाव माहीत नसताना मला सांगितली होती. नाव मला माहीत होतं आणि मी तिला गप्प केलं.

मी इतकी निर्धास्त का होते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे, आणि उत्तर मला एका संशोधनाच्या माझ्या वाचनात सापडतं. आमच्याच पुणे जिल्ह्यात, बारामतीच्या गिरिराज हॉस्पिटलमध्ये डॉ. कीर्ती पवार आणि सहकाऱ्यांनी या विषबाधेच्या २०० रुग्णांवर पॅमच्या दोन पद्धतींची चाचणी केली. ती २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. सर्वांना आधी दोन ग्रॅमचा डोस. मग निम्म्यांना दर चार तासांनी एक ग्रॅम, आणि निम्म्यांना ४८ तास सलग, तासाला एक ग्रॅम. पहिल्या गटात ८ टक्के दगावले, दुसऱ्यात १ टक्का. तालुक्याच्या गावातलं काम जगातल्या सर्वांत मानाच्या नियतकालिकांपैकी एकात आलं याचा मला अभिमान वाटला आणि आजही वाटतो. आम्ही तीच पद्धत घेतली. माझ्या डोक्यात एक टक्का पक्का बसला.

त्याच निबंधात आणखी एक आकडा होता. सलग औषध मिळालेल्या गटातही १०० पैकी ६४ जणांना श्वासनलिकेत नळी घालावी लागली होती. दुसऱ्या गटात ८८. म्हणजे तो एक टक्का औषधाच्या बाटलीतून एकटा आलेला नव्हता. त्यामागे खाटेशी जागणारी माणसं होती, वेळेवर घातलेल्या नळ्या होत्या, दिवसेंदिवस चाललेले व्हेंटिलेटर होते. मी औषध उचललं आणि पहारा तिथेच ठेवला. निष्कर्षही ‘मध्यम तीव्रतेच्या’ विषबाधेपुरता आहे, असं त्या डॉक्टरांनी स्वतः लिहिलं होतं. २००९ मध्ये श्रीलंकेत २३५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत पॅमचा फायदा दिसलाच नाही. औषध मिळालेल्यांत २४.८ टक्के आणि न मिळालेल्यांत १५.८ टक्के मृत्यू झाले. हा वाद पूर्ण मिटलेला नाही. पण दुसऱ्यांच्या निबंधातून एकच आकडा उचलायची सवय आणि स्वतःच्या निबंधात एकच आकडा दाखवायची सवय या माझ्यात एकाच जागी राहत होत्या.

आता त्या शेवटच्या स्लाइडवरच्या गृहस्थांबद्दल. हे लिहिणं मला सर्वांत जड जातंय, कारण इथे माझ्याकडून चूक झाली असं त्या वेळी कोणीही म्हटलं नसतं.

नाणे मावळातले, साठी ओलांडलेले. लावणीच्या दिवसांत लेप्टो झाला, फुप्फुसं भरली, व्हेंटिलेटर लागला. रात्री त्यांनी नळी ओढून काढली. पुन्हा घातली आणि मी हात बांधायला सांगितले. लोराझेपाम हे गुंगीचं औषध सुरू केलं, दिवसरात्र. चष्मा हरवू नये म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवला. घड्याळ त्यांना दिसत नव्हतं, खिडकी त्या खाटेला नव्हती, आणि घरच्यांना आम्ही संध्याकाळी पाच-दहा मिनिटं काचेतून बघू द्यायचो. पुढे ते ओरडेनासे झाले, छताकडे बघत पडून राहायचे. केसपेपरवर माझ्या हाताने लिहिलेलं आहे: शांत, सहकार्य करतात. तो मेंदूचा मुका भ्रम होता. आरडाओरडा करणारा भ्रम सगळ्यांना दिसतो, गप्प बसलेला दिसत नाही. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातले डॉ. प्रतीक पंढरीपांडे आणि सहकारी यांनी २००६ मध्येच दाखवलं होतं की लोराझेपामने या भ्रमाचा धोका वाढतो. २०१३ मध्ये त्यांच्याच गटाने ८२१ गंभीर रुग्णांचा मागोवा छापला. ७४ टक्क्यांना रुग्णालयात असताना भ्रम झाला होता. तीन महिन्यांनी तपासलेल्यांपैकी ४० टक्क्यांची बुद्धीची क्षमता डोक्याला मध्यम मार लागलेल्या माणसाइतकी खालावलेली होती, आणि जितके जास्त दिवस भ्रम, तितकी बुद्धी मंद.

फोन करत होते त्यात त्यांचाही नंबर होता, खरं तर खुशाली ऐकायला. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “बरं हायेत म्हनायचं. एकदा येऊन बघा तुमीच.”

गेले. गावच्या दूध संकलन केंद्राचा हिशेब हे गृहस्थ वर्षानुवर्षं तोंडपाठ ठेवायचे. आता लिटर आणि दराचा गुणाकार त्यांना जमत नव्हता. वही समोर घेऊन ते पुन्हा पुन्हा पहिल्या ओळीवर यायचे, आणि मग मुलाने काम हातात घेतलं. खाचराच्या बांधापर्यंत जाऊन ते दमून खाली बसायचे. “रातचं उठत्यात,” पत्नी सांगत होत्या, “दाराला कडी हाय का बघत्यात. हात बांधाय मानसं येनार म्हनत्यात.” ते स्वतः ओट्यावर बसून ऐकत होते. मला बघून त्यांनी उठून नमस्कार केला. जीव वाचवल्याबद्दल आभारही मानले. मी ज्यांना हात बांधायला सांगितले होते, ती माणसं रोज रात्री त्यांच्या दाराशी येत होती, आणि पाठवणारी मी समोर बसून चहा घेत होते. तिथेच मी त्यांना सांगितलं की ती माणसं स्वप्नातली नव्हती, तुमचे हात खरंच बांधले होते, मीच सांगितलं होतं, आणि का. त्यांनी पत्नीकडे पाहिलं आणि म्हणाले, “बघ. मी सांगत हुतो का न्हाय?”

इतके महिने घरात कोणी त्यांच्यावर विश्वास ठेवला नव्हता.

टोरंटोच्या डॉ. मार्गारेट हेरिज यांनी २००३ मध्ये अशा फुप्फुसांच्या आजारातून वाचलेल्या १०९ जणांचं एक वर्षानंतरचं चित्र छापलं. वर्षभराने जेमतेम निम्मे कामावर परतले होते. २०११ मध्ये पाच वर्षांनंतरचं चित्र आलं, तेव्हाही चालण्याची ताकद पूर्वपदावर नव्हती. स्नायू झिजतात, मन धसकतं, बुद्धी मंदावते, आणि घरातल्यांची झोप उडते. आयसीयूनंतरच्या या सगळ्याला आता स्वतंत्र नाव मिळालं आहे. मी हे निबंध वाचलेले होते. पण ते टोरंटोचे रुग्ण आणि आमचे मावळे काटक, अशी काहीतरी समजूत माझ्या मनात होती. काटक माणसाचं नुकसान उलट जास्त होतं. त्याचं पोट त्याच्या मांड्यांवर आणि दंडांवर अवलंबून असतं. त्याला महिनाभर झोपवून ठेवलं तर तो नुसता अशक्त होत नाही, त्याची लावणी जाते.

‘छोट्या जागी संशोधन कसं करणार’ ही सबब मी स्वतःला दिली होती. ती टिकत नाही, याचा पुरावा सह्याद्रीच्या खाली महाडला आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर लाल विंचवाच्या दंशाने फुप्फुसात पाणी भरून मरणारी माणसं बघत होते. ते त्यांच्या उशाशी बसले आणि तासातासाला काय होतं ते लिहीत गेले. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्यांची निरीक्षणं छापली, १९८६ मध्ये प्रॅझोसिन या औषधाची. शंभरात पंचवीस-तीस माणसं मारणारा दंश एक-दोनवर आला. त्यांच्या हाताशी आमच्याहून कमी साधनं होती. त्यांनी मेलेली माणसं वहीतून काढली नाहीत. त्यांच्याच नोंदीतून मरण कसं येतं ते कळलं आणि मग थांबवता आलं.

आमच्याकडे आता विषबाधेच्या रुग्णाच्या पायाशी एक तक्ता लटकतो. दर चार तासांनी त्याला मान उचलायला लावून बघायचं, आणि सिस्टरला शंका आली तर माझ्या परवानगीशिवाय रुग्ण आयसीयूत परत आणायचा. चष्मा डोळ्यांवर, कानाचं यंत्र कानात, आणि दुपारी घरचं एक माणूस खाटेशी बसू दिलं जातं. लोराझेपाम सलग चालू राहत नाही, झोपेचं औषध रोज सकाळी थांबवून रुग्ण जागा होतो का ते बघतो. हात बांधायचे झाले तर कारण लिहावं लागतं. घरी गेलेल्यांना तीन महिन्यांनी फोन जातो. डामा लिहिण्याआधी मला स्वतःला विचारावं लागतं, सल्ला नक्की कोणाचा होता.

परिषदेच्या संयोजकांना सुधारित आकडे पाठवले आणि आधीचा गोषवारा मागे घ्यायची विनंती केली. नवा मृत्युदर इंडिकॅप्सच्या वर गेला. व्यवस्थापनातल्या एकांनी विचारलं, हे आपण होऊन सांगायची काय गरज होती? मी त्यांना आंदर मावळातल्या आजींचा फोन नंबर दिला.

पवन मावळातल्या त्या तरुणाच्या भावाकडे मी सर्वांत शेवटी गेले. जायला उशीर केला, तो धैर्य नव्हतं म्हणून. मी त्याला वॉर्डात हलवल्याचं सांगितलं, संध्याकाळच्या फोनचं सांगितलं, मान जड झाल्याचा अर्थ सांगितला.

“म्हंजे इष भिनलं म्हनून न्हाय गेला?”

“विषामुळेच स्नायू गेले. पण ते जाताना दिसत होतं, आणि आयसीयूत असता तर आम्ही वेळेत नळी घातली असती. बहुतेक वाचला असता.”

तो बराच वेळ जमिनीकडे बघत होता. मग त्याने सांगितलं की बाटलीत औषध ओतून ठेवणारा तो स्वतः होता. आईला वाटतं त्याच्यामुळेच गेला, आणि त्यालाही तेच वाटतं. आता मी सांगतेय ते आईला कोण सांगणार? तिला तोंडी सांगून पटायचं नाही.

“हे लिहून द्याल का, मॅडम? सही करून?”

मी त्याच्याकडून वही मागून घेतली आणि तिथेच बसून लिहिलं. तारीख, वेळ, सिस्टरचा फोन, माझं उत्तर, खाली सही आणि नोंदणी क्रमांक. दुसऱ्या दिवशी त्याची प्रत केसपेपरला जोडली आणि तक्त्यातलं मृत्यूचं कारण बदललं.